आंबट पाण्याचे गाव : बालातोनफ्यूरेद



हंगेरीचे नाव निघाले म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बुडापेस्ट उभे राहते. डॅन्यूब नदी, तिच्यावरचे पूल, टेकडीवरचा राजवाडा. त्यात चूक काही नाही. परंतु देशाची ओळख राजधानीत होते त्यापेक्षा एखाद्या लहान गावात अधिक चांगली होते, असे माझे मत आहे. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी जेमतेम तेरा हजार वस्तीचे एक गाव निवडले आहे. त्याचे नाव बालातोनफ्यूरेद. नाव लांबलचक आहे खरे, पण त्याचे दोन तुकडे केले की जीभ अडखळत नाही. बालातोन हे सरोवर आणि फ्यूरेद हे त्याच्या उत्तर काठावरचे गाव.

ह्या ‘फ्यूरेद’ शब्दाची एक गंमत आहे. हंगेरियन भाषेत स्नानगृहाला ‘फ्यूर्दो’ म्हणतात आणि गाव तर औषधी स्नानांसाठीच प्रसिद्ध. तेव्हा कोणालाही वाटावे की स्नानावरूनच हे नाव पडले. भाषाशास्त्रज्ञ मात्र तसे मानीत नाहीत. त्यांच्या मते हे नाव ‘फ्यूर्य’ म्हणजे लावा पक्ष्यावरून आले. लाव्यांचे गाव! सन १२११ मध्ये शेजारच्या तिहान्य येथील मठाने आपल्या गावांची आणि कुळांची मोजदाद केली, त्या दप्तरात हे नाव आढळते. त्या काळी येथे कोणी औषधोपचारासाठी येत नव्हते. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे होते, खाली सरोवरात मासे होते आणि मठाला सारा भरणारी कुळे होती.

प्रथम भूगोल पाहू, कारण ह्या गावाचा सगळा इतिहास त्याच्या पाण्यातून निघाला आहे. बालातोन हे मध्य युरोपातले सर्वांत मोठे सरोवर. लांबी सुमारे ७७ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५९४ चौरस किलोमीटर. हंगेरीला समुद्र नाही, म्हणून तेथील लोक ह्यालाच कौतुकाने ‘हंगेरीचा समुद्र’ म्हणतात. पण ह्या समुद्राची खोली ऐकली तर आपल्याला हसू येईल. सरासरी खोली तीन मीटरांहून थोडी अधिक, बस्स. दक्षिण किनाऱ्यावर तर माणूस पाण्यात दूरवर चालत जातो तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. फ्यूरेद ज्या उत्तर काठावर आहे तो मानाने खोल आणि त्याच्यामागे टेकड्या उभ्या आहेत. ह्या टेकड्या ज्वालामुखीच्या प्रदेशातल्या. ज्वालामुखी लाखो वर्षांपूर्वी निमाले, पण जमिनीच्या पोटातून कर्बद्विप्राणिल वायू अजून वर येत असतो. तो भूजलात मिसळतो आणि ते पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्याला किंचित आंबट चव असते, लोखंडाचा वास असतो आणि पेल्यात ओतले की बारीक बुडबुडे उठतात. गावकऱ्यांनी त्याला सरळ नाव दिले आहे, ‘शवान्यूवीझ’, म्हणजे आंबट पाणी.

गावाच्या आरोग्यचौकात खांबांवर उभारलेला एक लहानसा सुबक मंडप आहे आणि त्याच्या आत हा झरा आहे. कोशुत लायोश ह्या राष्ट्रपुरुषाचे नाव त्याला दिलेले आहे. हा चौक म्हणजे गावाचे हृदय. मंडप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या अभिजात पद्धतीचा आहे. त्याला पैसे पडत नाहीत की तिकीट लागत नाही. म्हातारी माणसे बाटल्या घेऊन येतात, भरतात, दोन शब्द बोलतात आणि जातात. मी ते पाणी प्यालो आहे. पहिला घोट घेतल्यावर कोणी जुनी खिळ्यांची डबी धुऊन ते पाणी दिले की काय असे वाटले. दुसऱ्या घोटाला ते बरे लागले आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतःच बाटली घेऊन गेलो.

अठराव्या शतकात ह्या पाण्याची कीर्ती वैद्यांपर्यंत पोचली आणि मग गावाचा कायापालट झाला. जमीन बेनेडिक्टिन पंथाच्या तिहान्य मठाची होती, तेव्हा झऱ्याभोवती स्नानगृहे आणि धर्मशाळा बांधण्याचे काम मठानेच पुढे नेले. येथून पुढे फ्यूरेद एक राहिले नाही, ते दोन झाले. वर टेकडीच्या अंगाला जुने गाव, त्यात द्राक्षे पिकवणारे शेतकरी, बहुतेक प्रॉटेस्टंट, म्हणजे जमीनदार कॅथलिक मठ आणि कुळे सुधारलेल्या पंथाची. खाली काठावर स्नानाचे नवे गाव. तेथे उन्हाळ्यात उमराव, अधिकारी, वकील, कवी आणि त्यांची कुटुंबे उतरत. वरचे गाव बारमाही, खालचे हंगामी. ह्या दोन गावांमधले अंतर पायी अर्ध्या तासाचेही नसेल, पण १८४८ साली कुळांची वेठ कायद्याने उठेपर्यंत ते अंतर फार मोठे होते. प्रवासी आजही खालच्या काठावरच घुटमळतात आणि परत जातात. त्यांनी वरच्या गावातली जुनी घरे आणि सुधारलेल्या पंथीयांचे पांढरे देऊळ अवश्य पाहावे. योकाइ रस्त्यावरचे वाटोळे देऊळही पाहण्याजोगे आहे. १८४१ ते १८४६ च्या दरम्यान बांधलेली ही इमारत रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर आहे. आकार लहान, पण मोठ्या घुमटाखाली उभे राहिल्यावर जी शांतता वाटते ती येथेही वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हंगेरी हे ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या अंमलाखाली होते. राज्यकारभार लॅटिनमध्ये चाले, शहरांतली सुशिक्षित मंडळी जर्मन बोलत आणि मग्यार भाषा, म्हणजे आपण जिला हंगेरियन म्हणतो ती, शेतकऱ्यांच्या घरात आणि खेड्यापाड्यात राहिली होती. तिला पुन्हा दिवाणखान्यात, रंगभूमीवर आणि विधिमंडळात आणण्याची जी चळवळ झाली, त्या काळाला हंगेरीच्या इतिहासात सुधारणायुग म्हणतात. त्या युगाचे पुढारी उन्हाळ्यात विश्रांतीसाठी फ्यूरेदला येत. कोशुत येत, वेशेलेनी येत. राजधानीत पोलिसांचे कान टवकारलेले असत, पण स्नानाच्या गावी दोन माणसे झाडाखाली बसून काय बोलतात ह्याकडे तितके लक्ष कोण देणार? प्रकृतीच्या निमित्ताने येथे पुष्कळ राजकारण झाले.

त्यातून १८३१ साली एक नाट्यगृह उभे राहिले. किशफालुदी शांदोर ह्या कवीने पुढाकार घेतला, वर्गणी जमवली आणि २ जुलै १८३१ रोजी दरवाजे उघडले. हंगेरीचा जो भाग डॅन्यूबच्या पश्चिमेला आहे, त्यात मग्यार नाटकांसाठी दगडविटांनी बांधलेले हे पहिलेच नाट्यगृह. दर्शनी भागावर शब्द कोरले होते, त्यांचा भावार्थ असा की देशभक्तीने राष्ट्रीयत्वाला वाहिलेले हे मंदिर. नाट्यगृह फार दिवस टिकले नाही. १८७० च्या दशकात ते पाडले गेले आणि आज तेथे पाहण्यासारखे काही उरले नाही. परंतु एखाद्या खेड्याएवढ्या गावात, तेही केवळ उन्हाळ्यापुरते प्रेक्षक मिळणार हे माहीत असताना, लोकांनी आपल्या भाषेसाठी नाटकघर बांधले ही गोष्ट मला त्या वास्तूपेक्षा मोठी वाटते.

भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. मग्यार भाषा ही इंडो-युरोपीय कुळातली नव्हे. फिनलंडची भाषा तिची दूरची बहीण. म्हणून ती ऐकताना जर्मन किंवा फ्रेंचच्या आधाराने काहीच कळत नाही. पण मधूनच एखादा शब्द आपल्याला हाक मारतो. हजाराला ते ‘एझेर’ म्हणतात. बाजाराला ‘वाशार’ म्हणतात. सपातांना ‘पापुच’ म्हणतात, आणि आपल्याकडे ‘पायपोस’ हा शब्द आहेच. हे शब्द इराणी भाषांतून, काही तुर्कांच्या मार्फत, तिकडे गेले आणि फारसीतून इकडे आले. एकाच विहिरीचे पाणी दोन दिशांना वाहिले म्हणायचे. आणखी एक गोष्ट, हे लोक आडनाव आधी आणि नाव मागून सांगतात. मी किशफालुदी शांदोर म्हणतो ते म्हणूनच.

नाट्यगृहाच्या सहा वर्षे आधी, २६ जुलै १८२५ रोजी, येथे एक नृत्यसमारंभ झाला. सेंटग्योर्जी होर्वाथ नावाच्या सरदाराने आपली मुलगी आन्ना-क्रिस्टिना हिच्या नामदिनानिमित्त तो भरवला. आरोग्यचौकातला होर्वाथवाडा अजून उभा आहे. ह्या मेजवानीत आन्नाची भेट किश एर्नो नावाच्या एका घोडदळाच्या अधिकाऱ्याशी झाली आणि पुढे त्यांचे लग्न झाले असे सांगतात. तेव्हापासून आन्ना नृत्याची प्रथा पडली. आजही जुलैच्या अखेरीस ते नृत्य भरते, मुली पांढरे झगे घालून येतात, त्यांच्यातून एक राणी निवडली जाते आणि तिला शेजारच्या हेरेंड गावच्या प्रसिद्ध चिनी मातीची फुलदाणी मिळते. प्रवाशांच्या पुस्तिकांत ह्याचे भरपूर वर्णन असते. त्या पुस्तिका जे थोडक्यात उरकतात ते मी सांगतो. किश एर्नो पुढे हंगेरीच्या राष्ट्रीय सैन्याचा सेनापती झाला. १८४८ च्या क्रांतीत हंगेरियनांनी स्वातंत्र्याचा झेंडा उभारला, ऑस्ट्रियाने रशियाच्या झारचे सैन्य मदतीला आणून ती क्रांती चिरडली आणि ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराद येथे तेरा सेनापतींना देहांताची शिक्षा झाली. नऊ जणांना फाशी दिले, चौघांना गोळ्या घातल्या. त्या चौघांत किश एर्नो होता. हंगेरीत ६ ऑक्टोबर हा दिवस आजही राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळतात. नृत्याचे वर्णन वाचताना हा दिवस विसरून चालत नाही.

होर्वाथवाड्याचेही दिवस पालटले. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात साम्यवादी राजवट आली, वाडे आणि बंगले सरकारजमा झाले, आणि जेथे सरदारांच्या मुली नाचल्या तेथे खाणकामगारांचे आरोग्यधाम झाले. आरोग्यचौकाभोवतीच्या कित्येक इमारती कामगारसंघांची विश्रांतिगृहे बनल्या. ह्यावर हळहळणारे लोक मला भेटले आणि समाधान मानणारेही भेटले. पूर्वी ज्याला ह्या काठावर फक्त चाकर म्हणून प्रवेश होता, त्याला दोन आठवडे पाहुणा म्हणून राहता आले, हे त्या काळाच्या जमेला धरलेच पाहिजे. खर्चाच्या बाजूला काय लिहावे लागते ते हंगेरियन लोक आपल्यापेक्षा अधिक जाणतात.

१८४६ साली येथे आणखी एक नवल घडले. सेचेन्यी इश्त्वान हे नाव हंगेरीत मोठ्या आदराने घेतात. १८२५ साली ह्या उमरावाने आपले एका वर्षाचे उत्पन्न देऊन विज्ञान अकादमीचा पाया घातला, आणि बुडा व पेस्ट ह्यांना जोडणारा साखळदंडांचा पूल त्याच्याच खटपटीने झाला. त्याने बालातोनवर आगबोट चालवण्याचे मनावर घेतले, त्यावर पुस्तिका लिहिली, कंपनी काढली. बोटीचे लाकडी धूड फ्यूरेदच्या काठावर बांधले गेले, यंत्र इंग्लंडहून आले आणि २१ सप्टेंबर १८४६ रोजी, म्हणजे सेचेन्यीच्या वाढदिवशी, ती पाण्यात उतरली. तिला नाव काय दिले असेल? राजाचे नाही, सरदाराचे नाही. नाट्यगृहासाठी झटणाऱ्या त्या कवीचे, ‘किशफालुदी’. कवीचे निधन दोनच वर्षांपूर्वी झाले होते.

आज धक्क्यावर गेले की दोन ब्राँझचे पुतळे दिसतात, एक कोळी आणि एक नावाडी. पास्तोर यानोश ह्या शिल्पकाराचे हे काम १९४१ सालचे आहे. संध्याकाळी लोक त्यांच्या पायाशी बसून आगबोटींची वाट पाहतात. धक्क्यावर वादळाची सूचना देणारा पिवळा दिवाही आहे. सरोवर उथळ, त्यामुळे उत्तरेकडून वारा सुटला की ते पाहता पाहता खवळते. दिवा सावकाश लुकलुकू लागला म्हणजे सावध राहा, आणि भराभर लुकलुकू लागला म्हणजे पाण्याबाहेर या. उथळ आहे म्हणून ह्या पाण्याला हलके लेखू नये, हे तेथील लोक पाहुण्यांना वारंवार सांगतात.

साहित्यप्रेमी श्रोत्यांसाठी एक घर मुद्दाम सांगितले पाहिजे. योकाइ मोर हा हंगेरीचा सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार. त्याचा जन्म १८२५ चा, म्हणजे पहिल्या आन्ना नृत्याच्याच वर्षीचा. छातीच्या दुखण्यासाठी तो फ्यूरेदला आला, येथील हवा मानवली, आणि १८७० च्या सुमारास त्याने बंगला बांधला. त्याची पत्नी लाबोरफाल्वी रोझा ही नामांकित नटी होती. ह्याच बंगल्यात त्याने ‘सोन्याचा माणूस’ ही आपली गाजलेली कादंबरी लिहिली, ती १८७२ सालची. तिचा नायक तिमार हा श्रीमंत व्यापारी. हात लावील त्याचे सोने होते, पण मन स्वस्थ नाही, कारण त्या संपत्तीच्या मुळाशी एक लपवलेली गोष्ट आहे. कादंबरीत हिवाळ्यातले गोठलेले बालातोन येते. बर्फाला भोके पाडून जाळी टाकणारे कोळी येतात. थंडीने बर्फाचा थर अचानक दुभंगतो आणि मोठा आवाज होतो, त्याला मग्यार भाषेत ‘रिआनाश’ असा खास शब्द आहे. तशाच एका भेगेत तिमारचा वैरी नाहीसा होतो आणि लोक त्याचे प्रेत तिमारचे समजून पुरतात. बंगल्यात आता स्मारक-संग्रहालय आहे. उन्हाळ्यातल्या पाहुण्यांना हे सरोवर निळे आणि हसरे दिसते. त्याचे दुसरे रूप पाहायचे असेल तर योकाइ वाचावा. थोड्याच अंतरावर ब्लाहा लुइझा ह्या गायिका-नटीचा बंगला आहे. तिला लोक ‘राष्ट्राची बुलबुल’ म्हणत. तिच्या बंगल्याचे आता हॉटेल झाले आहे.

आपल्या देशाचा संबंध येतो तो १९२६ साली. त्या वर्षी रवींद्रनाथ ठाकूर युरोपच्या लांब दौऱ्यावर होते. इटली, इंग्लंड, नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, झेकोस्लोव्हाकिया अशी व्याख्याने देत देत ऑक्टोबरच्या अखेरीस ते बुडापेस्टला पोचले. नोबेल पारितोषिकामुळे हंगेरियन वाचकांना त्यांचे नाव चांगले परिचित होते, व्याख्यानाला गर्दी झाली. पण वयाच्या पासष्टाव्या वर्षी एवढी दगदग सोसवेना. प्रकृती बिघडली, हृदयाची तक्रार सुरू झाली आणि डॉक्टरांनी त्यांना फ्यूरेदच्या आरोग्यधामात पाठवले.

येथे त्या आंबट पाण्याचा उपयोग कसा होतो ते सांगणे जरूर आहे. रोग्याला कर्बवायूने भरलेल्या कोमट पाण्याच्या टबात बसवतात. अंगावर बारीक बुडबुड्यांचा थर बसतो. वायू कातडीतून आत शिरतो, तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताला वाट मोकळी होते आणि हृदयावरचा भार थोडा हलका होतो. जादू नव्हे, साधे शरीरशास्त्र. आजही फ्यूरेदचे सरकारी हृदय-रुग्णालय देशभर प्रसिद्ध आहे. अर्थात आता तेथे औषधे, शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, व्यायाम हे सारे आहे आणि पाणी हा त्यातला एक भाग.

रवींद्रनाथांना विश्रांती मानवली. पण कवीची विश्रांती ती केवढी! त्यांचा ‘लेखन’ हा छोट्या कवितांचा संग्रह आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. चीन-जपानमध्ये लोक पंख्यांवर, रेशमी कापडावर दोन ओळी लिहून मागत, त्यांतून ह्या कविता जन्मल्या. पुस्तक त्यांच्याच हस्ताक्षरात जर्मनीत छापले गेले आणि त्याच्या प्रास्ताविकाखाली स्थळ आणि तारीख आहे : बालातोनफ्यूरेद, हंगेरी, ७ नोव्हेंबर १९२६. दुसऱ्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, त्यांनी सरोवराकाठच्या बागेत लिंडेनचे एक रोप लावले आणि काही दिवसांनी युगोस्लाव्हियाकडे प्रयाण केले.

ते रोप वाढले. त्याच्या शेजारी रामकिंकर बैज ह्यांनी घडवलेला रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे आणि काठाने जाणाऱ्या सावलीच्या रस्त्याला ‘टागोर विहारपथ’ असे नाव आहे. रामकिंकरांच्या पुतळ्याची हकीकत थोडी कडू आहे. तो नेहमीच्या पुतळ्यांसारखा गुळगुळीत नाही. वाकलेला, थकलेला, खडबडीत असा वृद्ध कवी त्यात आहे. आपल्याच काही मंडळींना तो पसंत पडला नाही आणि मध्यंतरी तो हलवून तेथे दुसरा सरळ-सोज्ज्वळ पुतळा बसवण्यात आला. पुढे रामकिंकरांचे काम पुन्हा जागेवर आले. माझ्या मते हेच योग्य झाले. आजारी होऊन जो माणूस ह्या गावी आला, त्याचा थकवा पुतळ्यात दिसला तर त्यात अवमान कसला? आरोग्यधामातली त्यांची खोलीही स्मृती म्हणून जपलेली आहे.

त्या एका रोपामुळे झाडे लावण्याचा परिपाठच पडला. १९६१ साली इटलीचा नोबेल-विजेता कवी सालवातोरे क्वासिमोदो हृदयविकारातून येथे बरा झाला आणि त्यानेही झाड लावले. आता त्याच्या नावाने फ्यूरेदला काव्यस्पर्धा होते. १९७२ साली इंदिरा गांधींनी येथे झाड लावले. असे करता करता विहारपथाच्या कडेची बाग ही जगातल्या पाहुण्यांची एक वंशावळच होऊन बसली आहे.

भारताशी आणखी एक धागा आहे, पण तो पाहायला थोडे वळून जावे लागते. लोत्सी लायोश हा भूगर्भशास्त्रज्ञ. सेचेन्यी इश्त्वानचा मुलगा बेला ह्याने १८७७ ते १८८० मध्ये पूर्व आशियाची मोहीम काढली, तिच्यात तो होता. वाटेत तो दार्जिलिंग-सिक्कीमकडे गेला. तेथे जुने खडक नव्या खडकांच्या वर चढून बसले आहेत हे त्याच्या ध्यानात आले. हिमालयाची घडण समजण्याच्या दृष्टीने हे निरीक्षण फार आधीचे आणि महत्त्वाचे मानतात. तिबेटी भाषेचा पहिला मोठा कोशकार कोरोशी चोमा शांदोर हा हंगेरियन १८४२ साली दार्जिलिंगलाच वारला, त्याची कबरही तेथेच आहे. लोत्सीने परतल्यावर १८९१ पासून बालातोनच्या शास्त्रीय अभ्यासाचे प्रचंड काम उभे केले. खडक, वारा, पाणी, मासे, वनस्पती, काठची माणसे, सगळ्यांचा अभ्यास झाला आणि त्याचे खंडच्या खंड निघाले. १९२० साली तो फ्यूरेदला लागून असलेल्या आराच गावी वारला. ते गाव १९५४ पासून फ्यूरेदमध्येच सामील आहे. गावातल्या एका गुहेला, जी १८८२ साली सापडली, त्याचे नाव दिले आहे आणि ती पाहता येते.

लोत्सीचे नाव घेतल्यावर सरोवराच्या दुखण्याविषयी न बोलणे बरे दिसणार नाही. १८६१ साली दक्षिण काठाने आगगाडी आली. लाटा रुळांच्या बांधावर आदळू लागल्या, म्हणून १८६३ साली शियोफोक येथे दरवाजे बसवून सरोवराची पातळी उतरवण्यात आली. पाणी हटले, जमीन उघडी पडली आणि त्या जमिनीवर बंगले उठले. पश्चिमेकडून झाला नदी सरोवराला मिळते. तिच्या मुखाशी मोठी पाणथळ होती, ‘छोटे बालातोन’ म्हणत तिला. ती नदीचा गाळ आणि घाण गाळून घेई. शेतीसाठी तीही उपसून कोरडी केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक खते आणि सांडपाणी वाढले, ते सरळ सरोवरात जाऊ लागले, पाणी हिरवे पडले. १९९१ साली शेकडो टन वाम मासे मरून काठाला लागले. तेव्हाचा वास तेथील माणसे अजून विसरलेली नाहीत. १९८० च्या दशकात पाणथळ पुन्हा भरण्याचे काम सुरू झाले, सांडपाण्याला बांध घातला आणि पाणी पुष्कळ सुधारले. पण लव्हाळ्यांची बेटे कमी होत आहेत, उन्हाळे अधिक कडक झाले आहेत, आणि काठाची जमीन ज्याला परवडते त्याच्या हाती जात आहे. फ्यूरेदच्या बारमाही रहिवाशांशी बोलताना हा विषय निघतोच. वरचे गाव आणि खालचे गाव हा जुना भेद नव्या कपड्यांत परत येतो की काय, अशी त्यांना धास्ती आहे. काठावर कोणाला बसता यावे, हा प्रश्न मठाच्या दिवसांत होता, सरदारांच्या दिवसांत होता, आणि आजही आहे.

ह्याच काठाने एक वेगळेच दृश्यही पाहिले आहे. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहिली आणि जर्मन कुटुंबे दुभंगली. पूर्व जर्मनीच्या नागरिकाला पश्चिमेकडे जाता येत नसे, पण हंगेरीला सुटीवर येता येई, आणि पश्चिमेकडच्या भावालाही येथे येता येई. तेव्हा दोघे भाऊ बालातोनच्या काठी तंबू ठोकून दोन आठवडे एकत्र राहत. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे हेरही मागोमाग येत, आंघोळीच्या चड्डीवर वाळूत बसत. सप्टेंबर १९८९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाची सरहद्द पूर्व जर्मनांसाठी मोकळी केली. त्यांतले कित्येक जण त्या उन्हाळ्यात सुटीच्या निमित्ताने आले होते ते परत गेलेच नाहीत.

ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. बुडापेस्टहून फ्यूरेद सुमारे १३० किलोमीटर आहे आणि उत्तर काठची आगगाडी १९०९ पासून तेथे जाते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. सप्टेंबरात द्राक्षे खुडण्याचा हंगाम असतो. येथील ओलासरिझलिंग नावाच्या द्राक्षापासून केलेले पांढरे आसव प्रसिद्ध आहे. जे घेत नाहीत त्यांनी ताजा रस मागावा, आग्रह कोणी करीत नाही. तळलेला मासा सगळीकडे मिळतो. शाकाहारी मंडळींनी ‘लांगोश’ म्हणजे तळलेली जाड पुरी खावी, लसूण लावून फार चांगली लागते, मात्र वर घालायचे काय ते आधीच सांगावे.

आणि एक दिवस तिहान्यसाठी ठेवावा. फ्यूरेदच्या धक्क्यावरून बोटीने थोड्या वेळात तेथे जाता येते. सरोवरात घुसलेल्या डोंगराळ जिभेवर, अगदी कड्यावर, दोन मनोऱ्यांचे देऊळ आहे. १०५५ साली पहिला आंद्राश राजा ह्याने हा मठ स्थापला आणि देवळाच्या तळघरात त्याची समाधी आहे. मठाचे मूळ दानपत्र लॅटिनमध्ये आहे, परंतु जमिनीच्या सीमा सांगताना लेखकाला लॅटिन पुरले नाही. अमुक रस्ता, अमुक झुडूप, अमुक ओहोळ हे त्याने गावकरी म्हणत तसेच, मग्यार भाषेत लिहून टाकले. आज उपलब्ध असलेले मग्यार भाषेचे सर्वांत जुने लेखी शब्द म्हणून भाषाशास्त्रज्ञ त्या दानपत्राला जपतात. ते आता पान्नोनहाल्मा येथील मठात आहे.

देवळापासून थोड्या अंतरावर प्रतिध्वनीची टेकडी आहे. तेथे उभे राहून ओरडले की देवळाच्या भिंतीवरून आवाज स्पष्ट परत येई आणि कवींनी त्यावर पुष्कळ लिहिले. मध्यंतरी घरे वाढली, झाडे वाढली, रहदारीचा गोंगाट आला, आणि प्रतिध्वनी क्षीण झाला. तरी उन्हाळ्यात मुले अजून त्या टेकडीवर रांग लावतात आणि आपापले नाव ओरडून कान देऊन उभी राहतात. मी गेलो त्या दिवशी वारा पडलेला होता. एका लहान मुलाचे नाव पुसटसे परत आले, आणि तो इतका खूश झाला की त्याच्या आईला त्याला हाताला धरून खाली न्यावे लागले.